चिमणी कुठल्या पाटीवर ठेवायची? – पशुपक्ष्यांच्या कार्डांच्या खोक्याबद्दल एका गिरणीवाल्याचं मत

मी मास्तर नाही आणि गळ्यात दुर्बीण घालून रानात हिंडणाराही नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझी पिठाची गिरण आहे. वडिलांनी लावली, त्यांच्यामागं एकतीस वर्षं मी चालवतोय. तांदूळ, नाचणी, जोंधळा, सणाआधी चकलीची भाजणी, जे येईल ते दळून देतो. तेव्हा पुढं जे लिहिलंय ते गिरणीवाल्याच्या नजरेतून आलंय, एवढं धरून वाचा.

खोका घेतला बेळगावात. गिरणीचा पट्टा तुटला होता म्हणून गेलो होतो. पट्टा मिळाला, बसला तासभर अवकाश होता, म्हणून खडे बाजारात शिरलो. नात चौथीला आहे, तिला काहीतरी न्यावं असं मनात होतं. दुकानदारानं हा खोका पुढं केला. पशुपक्ष्यांची बहात्तर कार्डं, आठ पाट्या, एक पातळ पुस्तिका आणि एक घडी घातलेली उत्तरपत्रिका. सगळं मराठीत. छापील किंमत साडेसहाशे, घासाघीस करून सहाशेला आणला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव घालत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना वेगळ्या कळवल्या आहेत.

खेळ सोपा आहे. आठ पाट्या जमिनीवर मांडायच्या: टिपणारे, चोखणारे, फाडणारे, कुरतडणारे, दळणारे, गाळणारे, भोसकणारे आणि सफाई करणारे. कार्ड उचलायचं, त्यावरचा प्राणी किंवा पक्षी कसा खातो ते ओळखून त्या पाटीवर ठेवायचं. शेवटी उत्तरपत्रिका उघडायची आणि गुण मोजायचे.

मला खोका आवडला तो या पाट्यांमुळं. आम्ही शाळेत शिकलो ते शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी. तीन रकाने, भरले की झालं. त्या हिशोबानं वाघ मांसाहारी आणि वेडा राघूही मांसाहारी. एक सांबर पाडतो आणि दुसरा उडती मधमाशी धरून तारेवर येऊन बसतो, तिला तारेवर आपटून घासून नांगी काढतो आणि मग गिळतो. या दोघांना एका रकान्यात बसवून पोरांना काय कळणार? तसंच म्हैस, ससा आणि पोपट. तिघंही शाकाहारी, पण म्हशीचा चारा पोपटापुढं टाकून बघा. काय खातो यापेक्षा कसा खातो, कुठलं हत्यार वापरतो, हे विचारलं की प्राण्याची चोच, दात, जीभ, पोट सगळं बोलायला लागतं. हे ज्यानं ठरवलं त्याला माझा नमस्कार.

पुस्तिकेत लिहिलंय की रिचर्ड रूट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६७ मध्ये ओकच्या झाडांवर पानांतले किडे टिपणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि एकच माल एकाच तऱ्हेनं मिळवणाऱ्यांच्या गटाला 'गिल्ड' म्हटलं. युरोपात जुन्या काळी कारागिरांचे संघ असायचे, त्यांना गिल्ड म्हणत. कुळ वेगळं असलं तरी चालतं, धंदा एक पाहिजे. हे वाचलं आणि हसू आलं. आमच्या लोकांनी पक्ष्यांना धंद्या-हुद्द्यांची नावं कधीच देऊन ठेवलीत की! सुतार, शिंपी, तांबट, धोबी, खाटीक, कोतवाल. पुस्तिकेत ही गंमत एका ओळीनंही सांगितलेली नाही, ही पहिली तक्रार लिहून घ्या.

अर्थात ही सगळी नावं खाण्यावरून पडलेली नाहीत. शिंपी पानं टाचून घरटं शिवतो म्हणून शिंपी, खातो मात्र पानांवरचे किडे. तांबट उन्हात टुक टुक करून भांडी ठोकतो, खातो उंबर आणि वड. धोबी शेपटी आपटतो. सुतार आणि खाटीक मात्र खाण्याच्या धंद्यावरूनच नाव मिळवून बसलेत. सुताराची चोच म्हणजे पटाशी, आणि भोकात घालायची जीभ इतकी लांब की तिचा मागचा भाग कवटीला वळसा घालून बसलेला असतो. खाटीक टोळ नाहीतर सरडा पकडतो आणि बाभळीच्या काट्याला टांगून ठेवतो, दुकानात सागुती टांगतात तसा. शेजारच्या अक्कांचा मुलगा कन्नड शाळेत जातो, तोही खेळायला येतो. त्याला सुतार दाखवला तर म्हणाला, 'हे मरकुटिग'. मर म्हणजे झाड, ते कुटणारा. म्हणजे सीमा ओलांडली तरी धंदा तोच.

आता माझ्या पाटीकडं येतो. 'दळणारे'.

या पाटीवर गाय, म्हैस, गवा, हत्ती, घोडा, सांबर अशी बरीच मंडळी आहेत, आणि कार्डांच्या मागं दिलेली माहिती इथं सगळ्यात चांगली आहे. वाघाचा जबडा फक्त वरखाली हलतो, त्याच्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींना घासून जातात. म्हशीचा जबडा आडवा फिरतो. जातं बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दळायचं तर पाळ आडवी फिरली पाहिजे, वरखाली करून कांडण होतं, दळण होत नाही. आणि दळणाऱ्याचं दुखणं एकच, दगड झिजतो. माझ्या गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की पीठ गरम यायला लागतं, बायका परत आणून देतात, मग टाकी लावून घ्यावी लागते. गाईगुरांच्या दाढांना ही सोय कशी केलीय बघा: कडक थर आणि मऊ थर आलटून पालटून, मऊ लवकर झिजतो, कडक वर राहतो, म्हणजे दाढ खरबरीतच राहते. दगड आपणच टाकी लावून घेतो असं समजा.

हत्तीचं तर त्याहून नवल. त्याच्या जबड्यात एका बाजूला एखाददुसरीच मोठी दाढ कामावर असते. झिजली की पुढं सरकून तुकड्यातुकड्यानं गळते आणि मागून नवी येते. जन्मात अशा सहा वेळा दाढा येतात. सहावी झिजली की संपलं, पुढं चारा असूनही हत्तीला खाता येत नाही. हे कार्ड मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आमची मंडळी आतून म्हणाली, 'तुमच्या दातांचं काय ते बघा आधी.' असो.

पाखरांना दातच नाहीत, मग त्यांनी काय केलं? गिरण पोटात बसवली. कोंबडी करताना कलेजीबरोबर जो घट्ट पेटा निघतो तो चिरून बघा, आत वाळूचे खडे सापडतात. दाणा खाणारी पाखरं खडे गिळतात ते यासाठीच. माझ्या अंगणात पारवे खडी टिपत असतात, लोकांना वाटतं भुकेनं वेडे झालेत. सस्तन प्राण्यांतही एकजण असा आहे, खवल्या मांजर. तोंडात एकही दात नाही, लांब जिभेनं मुंग्या-वाळवी ओढून घेतं आणि पोटात गेलेल्या खड्यांनी दळतं. खोक्यात खवल्या मांजर 'चोखणारे' या पाटीवर आहे. मी त्याला माझ्या पाटीवर आणायला बघत होतो, नातीनं हात धरून परत नेलं.

आणि याच आवडत्या पाटीवर सगळ्यात मोठी चूक निघाली. गाईच्या कार्डावर चित्र आहे: गाय हसल्यासारखं तोंड करून गवत खातीय आणि वर-खाली दोन्हीकडं पुढचे दात पांढरे शुभ्र. खाली लिहिलंय, 'पुढच्या दातांनी गवत कापते'. मला शंका आली. संध्याकाळी शेजारच्या गवळ्याकडं नातीला घेऊन गेलो. म्हटलं, जरा म्हशीचं तोंड उघडून दाखव. तो म्हणाला, 'हिच्या वरच्या दातांचं काय विचारुलालाय, असतील तर नव्हं!' त्यानं नाकाकडून धरून ओठ वर केला. वर पुढं एकही दात नाही, नुसती घट्ट गादी. खालचे दात त्या गादीवर दाबायचे, जिभेनं गवताचा झुबका आत ओढायचा आणि मान झटकून तोडायचा. गायीचंही तसंच. दळण मागच्या दाढांवर, तेही आधी नाही. आधी कसंतरी गिळायचं, पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्यात भिजत घालायचं आणि मग सावलीला बसून परत तोंडात आणून रवंथ करायचं. भिजवून दळलेलं मऊ निघतं, इडलीच्या पिठावरून आम्हाला हे ठाऊकच आहे. नातीनं दुसऱ्या दिवशी त्या कार्डावरचे गाईचे वरचे दात काळ्या पेनानं खोडले. मी रागावलो नाही.

घोडा आणि गाढव रवंथ करत नाहीत, ते दळतात एकदाच, पण खातात दिवसभर. ससाही रवंथ करत नाही. तो पहिल्यांदा पडलेली मऊ लेंडी परत खातो आणि चारा दुसऱ्यांदा पोटातून काढतो. पोरं हे ऐकून 'ई' करतात, पण विसरत मात्र नाहीत. कार्डावर हे दिलेलं आहे, त्याबद्दल कंपनीला एक गुण जास्त.

'कुरतडणारे' म्हणजे माझे वैरी. त्यांच्याबद्दल थोडक्यात: उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढच्या बाजूला कडक थर आणि मागं मऊ, त्यामुळं धार जात नाही. पोत्याला भोक कसं पडतं ते कळलं, पोतं काही परत मिळालं नाही.

उंदरांवरून घुबड. आमच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. गिऱ्हाईकं अशुभ म्हणतील म्हणून मी कुणाला सांगत नव्हतो, आता लिहूनच टाकलं. उत्तरपत्रिकेत घुबड 'फाडणारे' या पाटीवर आहे, वाकडी चोच आणि नख्या बघून टाकलं असणार. पण माळ्याखाली रोज काळपट गोळे पडतात. एक गोळा पाण्यात भिजवून नातीनं सुईनं सोडवला, तर आत केस, बरगड्या आणि उंदराचा अख्खा जबडा, पिवळट नारिंगी दातांसकट. उंदीर तसाच गिळलेला, पचलं ते पचलं, बाकीचं गोळा करून ओकून टाकलं. कागदावर चिकटवून तिनं सगळी हाडं मांडली. सहाशे रुपयांच्या खोक्यापेक्षा त्या फुकटच्या गोळ्यानं जास्त शिकवलं, पण खोका नसता तर गोळा सोडवायचं सुचलं नसतं, हेही खरं.

आता चिमणी. भांडण इथंच झालं.

गिरण म्हटली की चिमण्या आल्याच. सांडलेला दाणा, भिंतीला भोकं, कौलाखाली जागा. उत्तरपत्रिका म्हणते, चिमणी: टिपणारे, दाणे. मीही तेच म्हणणार होतो, एकतीस वर्षं दाणेच टिपताना बघतोय. पण जुन्या मीटरच्या पेटीत एका जोडीचं घरटं होतं, आणि शाळेला सुट्टी असल्यानं नात दिवसभर गिरणीतच. ती धावत आली. 'आज्जा, मी बघितलो की! दाणे इथं पडलेत ते सोडून अळी धरून मीटरवर गेली.' (आमच्याकडं पोरीही 'आलो, बघितलो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.) मी म्हटलं चुकली असशील. मग दोघं खुर्ची टाकून बसलो. तासाभरात चिमणा आणि चिमणी मिळून कितीदा तरी आले, आणि एकदाही चोचीत दाणा नव्हता. पिठाला जाळी धरणारी अळी, मागच्या परड्यातल्या कोबीवरची हिरवी अळी, एकदा नाकतोडा. चोचीतून लटकणारे पाय दिसले म्हणून नाकतोडा कळला. पुढ्यात जोंधळ्याची रास, आणि हे बाहेर जाऊन अळ्या शोधतायत!

कारण सरळ आहे. पिल्लाला वाढायला दाणा पुरत नाही, अळी लागते. चिमण्या मोठेपणी दाण्यावर जगतात, पिल्लांना मात्र किडे भरवतात. सुगरणही तशीच. म्हणजे एकच पक्षी पिल्लू असताना एका पाटीवर आणि मोठा झाल्यावर दुसऱ्या. अंगणात अळ्या उरल्या नाहीत तर पोत्यानं धान्य सांडूनही चिमण्यांची पिल्लं जगणार नाहीत, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. गच्चीवर तांदळाची वाटी ठेवून आपण मोठं पुण्य केलं असं समजत होतो. परड्यात औषध मारतो ते कमी केलं पाहिजे, कोबीला भोकं पडली तरी.

मग नातीनं विचारलं, पारव्यांचं काय? तेही दाणेच खातात. त्यांची तऱ्हा तिसरीच. पारव्याच्या गळ्याच्या पिशवीत दह्यासारखं दूध तयार होतं, नर आणि मादी दोघांच्याही, आणि पहिले दिवस पिल्लं त्यावर वाढतात. त्यामुळं पारव्यांना अळ्या शोधत फिरावं लागत नाही. एकाच राशीवर शेजारी शेजारी टिपणारे दोन पक्षी, आणि घरातला स्वयंपाक इतका वेगळा. यातलं काहीही कार्डावर नाही. नातीनं उत्तरपत्रिका हातात घेऊन जाहीर केलं, 'हे खोटं सांगूलालंय.' मी म्हटलं खोटं नाही, अर्धं. ती म्हणाली, गणितात अर्धं बरोबर असलं तरी बाई शून्यच देतात.

हीच माझी मुख्य तक्रार. पाट्या चांगल्या, उत्तरपत्रिका आगाऊ. बहात्तर कार्डांना बहात्तर उत्तरं, एकाला एक. प्राणी मात्र वयानं बदलतात, ऋतूनं बदलतात, हाताला लागेल तसे बदलतात.

अस्वलाचंच बघा. उत्तरपत्रिका त्याला वाघ-बिबट्याशेजारी 'फाडणारे' मध्ये टाकते. कूळ बघितलं तर अस्वल त्याच मोठ्या गोतावळ्यातलं, हे खरं. पण खेळ कुळाचा नाही, धंद्याचा आहे ना? आमच्या रानातलं अस्वल वाळवीवर जगतं. वारूळ नखांनी फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, ओठांची नळी करून वाळवी ओढायची. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून सरळ आत. नाकपुड्या मिटून घेता येतात म्हणजे धूळ जात नाही. ओढण्याचा आवाज लांबवर ऐकू येतो. याला 'चोखणारे' नाही म्हणायचं तर कुणाला? उन्हाळ्यात जांभळं-करवंदं आणि मध, ते वेगळंच.

अस्वलावरून एक आठवलं, विषयाला सोडून आहे पण लिहितो. गिरणीवर मी नवीन असताना जांबोटीच्या रस्त्यानं एक माणूस धापा टाकत आला आणि म्हणाला, 'करडी बंदैती, करडी!' मी शांतपणे सांगितलं, इथं तेल निघत नाही, घाण्यावर घेऊन जा. आमची करडी म्हणजे तेलाची करडई, आणि कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून विसरलो नाही. या कार्डांवर कन्नड नावं घातली असती तर खानापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात खोका दुप्पट खपला असता. अक्कांचा मुलगा घुबडाला गूबे म्हणतो, चिमणीला गुब्बी. आता कार्डांच्या कोपऱ्यात दोघांनी मिळून पेन्सिलीनं लिहून काढलंय, मराठी अक्षरात.

सीमेवरचा म्हणून आणखी एक खोडी. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कर्नाटकाचा नीलपंख. दोन्ही खोक्यात आहेत. हरियाल उंबर-वडाच्या झाडावरून फळं खातो, जमिनीवर क्वचित उतरतो. नीलपंख तारेवर बसून खाली नजर ठेवतो आणि टोळ, किडा दिसला की झेप घालतो. एक फांदीवर, दुसरा मातीत. दोघांच्या खाण्यात तंटाच नाही, म्हणून दोघंही आमच्या तालुक्यात सुखानं राहतात. हरियालाला उत्तरपत्रिकेत 'बिया पसरवणारा मित्र' म्हटलंय, ते मला पटलं नाही. या हिरव्या कबुतरांचा पेटा इतका दांडगा की उंबराच्या बारीक बियाही बऱ्याचशा दळून निघतात. बी अखंड टाकतो तो धनेश. फळ चोचीच्या टोकात धरून वर उडवून गिळतो, कारण जीभ घशापर्यंत फळ न्यायला पुरत नाही, आणि मोठी बी नंतर ओकून टाकतो, लांब कुठंतरी. दळणारा आणि वाहणारा यांत फरक करायला हवा होता. गिरणीवाल्याला तो लगेच दिसतो: माझ्याकडं आलेला दाणा परत कधी उगवत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. वानर आणि माकड एकाच कार्डावर, 'फळं-पानं खातात' म्हणून. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं, त्यात पाला आंबवून पचवतं. माकडाच्या गालात पिशव्या, आधी भरायचं आणि मग निवांत झाडावर जाऊन खायचं. माझ्या दारातून शेंगा पळवतं ते माकड, परसातला पाला ओरबाडतं ते वानर. वटवाघळाचंही एकच कार्ड, पेरू खाणारं. आमच्या तालुक्यात, तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेत, रॉटनच्या नावाचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये शास्त्रात त्याची नोंद झाली, आणि नंतर कित्येक वर्षं जगात ते फक्त इथंच आहे असं समजत होते. ते फळाला तोंड लावत नाही, उडते किडे खातं. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं त्यात त्याचंही नाव मोठं होतं. पुस्तिकेत उजनी धरणावरच्या रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, दीड पान आहे. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जिभेचा पंप करून पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत किडे-शेवाळ अडकवतो, हे वर्णन झकास आहे, चाळणीवाल्या माणसाला तर फारच. पण मग आमच्या वटवाघळाला अर्धी ओळ तरी?

गिधाडाचं कार्ड चांगलं आहे. बोडकी मान रक्तानं बरबटू नये म्हणून, पोटात जहाल आम्ल म्हणून कुजकंही पचतं, आणि डायक्लोफेनॅक हे गुरांचं औषध मेलेल्या जनावरातून पोटात गेल्यानं ती कशी गेली, २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी कशी आली, सगळं आहे. लहानपणी नदीकाठी मेलेल्या बैलाभोवती बसलेली मी बघितलीत. नातीनं फक्त कार्डावर.

कागद ठीक. कार्डं जाड आहेत, कोपरे गोल, पिठाचा हात लागला तरी ओल्या फडक्यानं पुसली जातात. पाट्यांचा पुठ्ठा मात्र पावसाळ्यात फुगला, गाळणारे आणि भोसकणारे दोन्ही वाकडे झालेत. खोक्याचं झाकण दुसऱ्या आठवड्यात फाटलं, आता सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. वय 'सहा वर्षांपासून' लिहिलंय, सहाच्या पोराला 'भोसकणारे' वाचता येणार नाही, आठपासून धरा.

पाचपैकी साडेतीन देतो. उत्तरपत्रिका नसती तर चार दिले असते. आमच्याकडं ती आता खेळात नाही, डब्याच्या तळाशी घातलीय, कार्डांना ओल लागू नये म्हणून. त्याऐवजी नियम असा: कार्ड जिथं ठेवायचं तिथं ठेवा, पण आपण स्वतः काय बघितलं ते सांगा. नुसतं 'पुस्तकात आहे' म्हटलं तर अर्धा गुण. यामुळं खेळ लांबतो, पोरं शेजारपाजारच्या गोठ्यात आणि परड्यात पळत सुटतात, एकदा तर गिऱ्हाईक दळणासाठी उभं आणि मी मीटरच्या पेटीखाली. ज्यांच्याकडं आठवड्यातून एखादी मोकळी दुपार आहे त्यांनी घ्यावा. फ्लॅटवाल्यांनीही घ्यावा, कावळा आणि पारवा तर कुठंही मिळतात.

कावळ्यावरून शेवटची गोष्ट. बहात्तर कार्डं मोजली तर बहात्तरच भरली, पण त्यात कावळा दोनदा होता आणि पिसोरी नव्हती. पिसोरी म्हणजे सशाएवढं ते बिनशिंगाचं हरणासारखं जनावर, रात्री खाली पडलेली फळं वेचून खातं, नराला बारीक सुळे असतात. आमच्या रानात आहे म्हणून नातीला तेच कार्ड हवं होतं. पुढच्या खेपेला दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, खोका फोडला की आमची जबाबदारी नाही. कंपनीला लिहिलं, अजून उत्तर नाही. तेव्हा कुणाच्या खोक्यात पिसोरी जादा आली असेल तर कळवा, टपालखर्च मी देतो. बदल्यात वाटल्यास गाय घ्या, वरचे दात खोडलेली. कावळा मात्र मिळणार नाही. एक 'सफाई करणारे' वर असतो, दुसरा 'टिपणारे' वर, आणि चिमणीचं घरटं लागलं की नात दोन्ही उचलून 'फाडणारे' वर नेऊन ठेवते.